कोपर खोटं बोलत नाही

उद्या यम रेड्यावर बसून माझ्या व्याह्यांच्या दारात आला, तर ते त्याला आधी पाणी देतील, रेड्याला सावलीत बांधायला सांगतील आणि मग विचारतील, "ठराव कुणी मांडला? अनुमोदन कुणाचं? आणि मला बाजू मांडायला वेळ किती?" यम बिचारा रेडा वळवून निघून जाईल आणि व्याही अंगणातून ओरडतील, "पुढच्या वेळी नोटीस काढून या!" असा माणूस कर्जत आणि खालापूर ह्या दोन तालुक्यांत मी दुसरा पाहिला नाही, आणि माझं पाहणं काही कमी नाही. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. पुढे शाळेलाच माझ्याकडे यायला सवड मिळाली नाही. पण डोळे कधी झाकून ठेवले नाहीत. हे लिहितोय तेसुद्धा मीच. सून म्हणाली, "मामा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते." मी म्हटलं, "नको. तू लिहिशील तर तुझ्या बापाची बाजू चढंल." अक्षर वाकडं वाटलं तर वाचणाऱ्यानं कागद वाकडा धरावा.

यंदा थंडीत असा प्रश्न उभा राहिला की व्याह्यांचं शिबिर व्याह्यांच्या हातात राहायचं की त्यांनी बाजूला व्हायचं. शिबिर म्हणजे त्या माणसाचा श्वास. तो प्रश्न कसा सुटला ते सांगायला मी बसलोय. पण माणूस कळल्याशिवाय त्याचा प्रश्न कळत नाही, म्हणून आधी माणूस सांगतो.

व्याही कर्जतच्या शाळेत मास्तर होते. घर दहिवलीला. विषय नागरिकशास्त्र. आता ज्यांनी शाळा पुरी केली त्यांना ठाऊक असेल, नागरिकशास्त्र हा विषय इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला बांधलेला असतो. इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांच्या वाट्याला किल्ले, तलवारी, घोडे. ह्यांच्या वाट्याला ग्रामसेवकाची कामे. इतिहासाचे मास्तर लढाईत रंगले की ह्यांचा तास खाऊन टाकायचे, आणि मग परीक्षेच्या तोंडावर ह्यांनी अख्खी राज्यघटना दोन दुपारींत पोरांच्या गळी उतरवायची. जन्मभर हे दुखणं त्यांनी काढलं. "व्याही, शेपूट शेपूट म्हणून ज्याला हिणवलं ना, ते डोकं होतं डोकं!" असं ते मला अजून सांगतात. मी म्हणतो, "मग जनावर उलटं उबं असंल." रिटायर झाल्यावर मात्र त्यांनी सूड उगवला. मुंबईची एक संस्था देशोदेशीची तरणी पोरं-पोरी गोळा करून त्यांना लोकशाही शिकवते. पुढे आपापल्या देशात जाऊन ती पुढारी व्हायची, म्हणून आधीच वळण लावायचं. त्या संस्थेला व्याह्यांनी दहिवलीच्या पलीकडची आपली आंब्याची जागा वापरायला दिली, वर पत्र्याचा मांडव घातला आणि शिबिराचे प्रमुख होऊन बसले. तिथे इतिहास नाही, भूगोल नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत नुसतं नागरिकशास्त्र.

पण त्यांची लोकशाही शिबिराच्या आधीची आहे. माझ्या मुलासाठी त्यांची मुलगी बघायला आम्ही गेलो तेव्हाचीच गोष्ट. आमच्यात पोहे येतात, मुलगी येते, वडीलधारी घसा खाकरतात आणि ठरतं. इथे पोह्यांच्या आधी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. झाकणाला फट पाडलेली. सगळ्यांच्या हातात कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल. मुलीलाही, मुलालाही, माझ्या बायकोलाही. मी म्हटलं, "मास्तर, आमच्यात बापानं हो म्हनलं की झालं." ते म्हणाले, "आमच्यात बापाला एकच मत असतं. मांजराला नाही, हाच काय तो फरक." चिठ्ठ्या पडल्या. व्याह्यांनी डबा उलटा केला आणि एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पसंत, पसंत, पसंत. मग एक चिठ्ठी त्यांनी चष्म्याजवळ नेली आणि तशीच मोठ्यानं वाचली, "मुलगी पसंत. नवऱ्या मुलाचे वडील हेकट आहेत, आधीच सांगितलेलं बरं." मी ताडकन उठलो. टोपी घातली. व्याह्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "बसा, बसा. हे मत नव्हे, हा शेरा आहे. शेरा मोजत नाहीत." मोजत नाहीत म्हटल्यावर मी बसलो. ती चिठ्ठी कोणी लिहिली ते आजपर्यंत कळलं नाही. माझी बायको मात्र त्या दिवशी घरी येईपर्यंत पदर तोंडाला लावून होती.

हात वर करायची त्यांना अशी सवय आहे की हात वर गेल्याशिवाय त्यांच्या तोंडातून शब्दच निघत नाही. घरात मीठ मागायचं तरी हात वर. फोनवर बोलताना समोरचा बोलायचा थांबेना, तर हे इकडे हात वर करून उभे, आणि त्याला दिसत नाही म्हणून रागावलेले. कर्जत स्टेशनाबाहेर एक वडेवाला आहे. त्याच्यापुढे उभं राहून आम्ही एकदा कशावरून तरी वाद घालत होतो. व्याह्यांना मुद्दा सुचला की हात वर जायचा, आणि हात वर गेला की तो एक वडा बांधायचा. वाद संपला तेव्हा आमच्यापुढे अख्ख्या घराला पुरतील एवढे वडे. रस्त्यानं बोलत चाललो की रिक्षा थांबतात. थांबलेल्या प्रत्येक रिक्षावाल्याला ते जवळ जाऊन सांगतात, "माफ करा, मला जायचं नाही, मला बोलायचं होतं." आता रिक्षावाले त्यांना ओळखतात. हात दिसला की म्हणतात, "जाऊ द्या रं, सर मत देतायत."

शिबिरात अध्यक्षाच्या हातात जी घंटा असते ती माझी आहे. माझी म्हणजे माझ्या सरजाची. सरजा माझा शेवटचा बैल. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी व्याही दहिवलीहून आले. गोठ्यातल्या रिकाम्या खुंट्यापुढे उभे राहिले, टोपी काढली आणि दुखवट्याचा ठराव मांडला. "या कुटुंबाच्या शेतीत दिवंगत सरजा यांनी दिलेलं योगदान" असं बोलत होते. मी सुरुवातीला हसणार होतो, पण त्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं, आणि त्या दोन मिनिटांत माझं हसणं कुठे गेलं ते मलाही सापडलं नाही. मग त्यांनी हात वर केला. "व्याही, एक विनंती आहे. त्याची घंटा सभेला मिळेल का? विजेच्या घंटेचा इथे भरवसा नाही." मी दिली. सरजा कुणाचं ऐकायचा नाही, पण त्याची घंटा सगळ्यांना ऐकू जायची. सभेच्या अध्यक्षाला ह्याहून चांगली घंटा कुठली?

शिबिर बघायला मी अधूनमधून जातो. दूध माझ्या घरचं जातं, त्याच्या कॅनबरोबर मीही जातो. नेपाळ, लंका, भूतान, केनिया, कुठली कुठली पोरं. एक तर अशा देशाचा होता की देशाचं नाव सांगितल्यावर त्याला नकाशाच काढून दाखवायला लागायचा. सगळ्यांचं बोलणं इंग्रजीत, आणि ते मराठीत करून सांगायला माझी सून, शुभांगी. शिबिरात रोज मंत्रिमंडळ बनतं. एक पाणीमंत्री, एक भांडीमंत्री, एक झाडलोटमंत्री. आणि विरोधी पक्षनेता असायलाच हवा. त्याचं काम विरोध करणं. नाश्ता चांगला झाला तरी त्यानं उठून चूक काढायची. केनियाचा ओटिएनो भांडीमंत्री असताना भाताचं पातेलं खालून करपलं, तर दुपारी त्याच्यावर अविश्वासाचा ठराव आला आणि सरकार पडलं. एवढा दांडगा पोरगा, पण पातेलं पोटाशी धरून रडवेला झाला होता. व्याही त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रडू नकोस. इथे कुणीतरी ओरडलं म्हणून निदान करपल्याचं कळलं. जिथे ओरडणारा नसतो ना बाळा, तिथे सगळा देश करपलेला भात खातो आणि छान झालाय म्हणतो." हे मला पटलं. पण पटलं असं मी तोंडानं म्हटलं नाही.

माझी एकच तक्रार होती. मला मत नव्हतं. एकदा वालाच्या शेंगांची पोपटी लावायची होती, म्हणजे पाला घातलेल्या मडक्यात शेंगा भरून जाळात भाजायच्या. शेंगा माझ्या शेतातल्या, भांबुर्ड्याचा पाला माझ्या बांधावरचा, मडकं माझं. त्यात अंडी घालायची की नाही ह्यावर मतदान घेतलं. मी हात वर केला तर व्याही म्हणतात, "तुम्ही निमंत्रित आहात. निमंत्रिताला बसता येतं, ऐकता येतं, मत देता येत नाही." मी म्हटलं, "मडकं माझं हाय!" ते म्हणाले, "मडक्यालाही मत नाही." अंड्यांची बाजू जिंकली. मग व्याह्यांनी अंडी न खाणाऱ्या दोन पोरींसाठी वेगळं मडकं लावायला लावलं, का तर बहुमताचं पोट भरताना अल्पमत उपाशी राहिलं तर ती लोकशाही नव्हे, ती पंगत लुटणं. तेवढं झालं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण वेगळं मडकंही माझ्याच घरून आणलं.

मत नाही ह्याचा राग मनात धरून मी एकदा म्हटलं, "आना तुमची पोरं आमच्या गावात. कारभार कसा चालतो बघू द्या." व्याही टपलेलेच होते. गावदेवीची जत्रा जवळ आली होती आणि कमिटीची सभा देवळापुढच्या पटांगणात होती. कमिटीचा अध्यक्ष मी. माझे वडील होते, त्यांच्यामागे मी. ओटिएनोनं सुनेला काहीतरी विचारलं आणि सून चाचरत म्हणाली, "मामा, तो विचारतोय, तुम्हाला निवडलं कुणी?" सगळं पटांगण माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, "त्याला सांग, ज्यांनी नको म्हनलं नाय, त्या समद्यांनी." व्याह्यांनी कपाळाला हात लावला.

त्या दिवशी प्रश्न होता जत्रेला बेंजो आणायचा की डीजे. म्हातारे बेंजोच्या बाजूचे, तरणे डीजेच्या. व्याह्यांना राहवलं नाही. म्हणाले, "मतदान घ्या! साधं, हात वर करून. आमच्या मुलांनाही पाहता येईल." घेतलं. डीजेवाल्यांनी विचारलं, डीजे कुणाकुणाला पाहिजे? सगळ्या गावानं हात वर केले. मग बेंजोवाल्यांनी विचारलं. पुन्हा सगळ्या गावानं हात वर केले. नेपाळची सृजना मोजत होती. तिनं दोनदा मोजलं, आणि दोन्ही वेळा माणसं जेवढी त्याच्या दुप्पट मतं. व्याह्यांनी चष्मा पुसला.

"अहो, प्रत्येकाला एकच मत!"

आमची पारूआजी पुढेच बसली होती. ती म्हणाली, "येकच दिलं की. त्याला येक, ह्याला येक."

"पण दोघांना देऊन कसं चालेल, आजी?"

"आता गं बाय! मास्तर, तो समोर बसून इचारतोय. त्याला नाय म्हनू? उद्या बांदावर त्याचंच तोंड बगायचंय. आन् ह्याला नाय म्हनू? ह्याची म्हस माझ्या गोठ्यात हाय."

"मग निकाल कसा लागतो तुमच्याकडे?"

तेव्हा मी घसा खाकरला. म्हटलं, "व्याही, हात कुनीबी वर करतं. हात म्हंजे शेजारधर्म. बगायचं ते कोपर. ज्याला मनापासून पायजे त्याचं कोपर ताठ असतं. ज्यानं नुसतं मन राखलं त्याचं कोपर वाकलेलं ऱ्हातं, नायतर मांडीला टेकतं. डीजेला समद्यांची कोपरं मांडीवर व्हती. बेंजोला ताठ, ह्या तरण्यांची सुदा. त्यांना नाचता येतं ते बेंजोवरच. बेंजो ठरला. चला, परसाद वाटा."

डीजेवाले कोपरं चोळत प्रसादाला उठले. कोपर आपलंच होतं, बोलणार काय? पोरांनी टाळ्या वाजवल्या. व्याही मात्र भडकले. "हे लोकशाहीत बसत नाही!" मी म्हटलं, "बसत नसंल तर उबं ऱ्हाऊ द्या." त्या दिवशी शिबिरात जाऊन त्यांनी गुप्त मतदानावर असं काही भाषण केलं म्हणतात की चहा गार झाला. पुढे कितीतरी दिवस मला बघितलं की म्हणायचे, "काय, कोपरशाही कशी आहे?"

आणि मग ते पडले. शिबिराच्या बांधावर उभं राहून पोरांना ग्रामसभा सांगत होते. चक्कर आली. हातात सरजाची घंटा होती, ती वाजत खाली गेली म्हणून पोरांचं लक्ष गेलं. ओटिएनोनं त्यांना उचलून आणलं, पातेलं धरलं होतं तसंच पोटाशी धरून. डॉक्टर म्हणाले रक्तदाब आहे, उन्हात उभं राहायचं नाही, दगदग नको, बोलणं कमी. बोलणं कमी! माझ्या व्याह्यांना! डॉक्टरांनी जेवण बंद केलं असतं तर चाललं असतं. मुंबईहून संस्थेचा माणूस आला. फार गोड बोलणारा. म्हणाला, "सर, आता तुम्ही आमचे मार्गदर्शक व्हा. धावपळ दुसरं कुणी करेल."

"मार्गदर्शक म्हणजे काय ते मला माहीत आहे," व्याही म्हणाले. "खुर्चीत बसवतात, फोटो काढतात. हार तेवढा नंतर घालतात."

सून रडायला लागली. "बाबा, पुरे करा ना आता. मला रोज भीती वाटते." व्याह्यांनी हात वर केला. पलंगावर निजल्यानिजल्या. "शिबिराचा प्रमुख कोण असावा हे मुंबई ठरवणार नाही, डॉक्टर ठरवणार नाही आणि माझी मुलगीही ठरवणार नाही. शिबिरार्थी ठरवतील. बहुमत होईल ते मला मान्य." संस्थेचा माणूस म्हणाला, "मग चिठ्ठ्या टाकून घेऊ." इथे माझ्या व्याह्यांचा अभिमान आडवा आला. जन्मभर गुप्त मतदान शिकवलेला माणूस म्हणाला, "चिठ्ठ्या नकोत. माझ्यासमोर हात वर करायला ही पोरं घाबरत असतील, तर मी शिकवलं काय?"

सभेच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी हात वर न करता, हळूच विचारलं, "व्याही, मुलं काय करतील?" हात वर न करता ते बोलल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. मी म्हटलं, "मला काय इचारता? मला मत कुटं हाय?" मला म्हणायचं काय होतं ते मी चहाबरोबर गिळलं.

सभा आंब्याखाली. स्वतःचाच प्रश्न असताना स्वतः अध्यक्ष होता येत नाही, म्हणून व्याह्यांनी घंटा सृजनाच्या हातात दिली आणि पोरांच्या पुढ्यात जाऊन एका बाजूला बसले, साध्या सभासदासारखे. मी निमंत्रितांच्या खुर्चीत. निमंत्रित मी एकटाच; मुंबईचा माणूस संस्थेचा म्हणून सृजनाच्या बाजूला बसला होता. सृजनानं घंटा वाजवली. बाहेरच्या रस्त्यानं कुणाची तरी गुरं चालली होती, त्यातल्या एका बैलानं मान वळवली.

"सरांनी आता विश्रांती घ्यावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." शुभांगीनं ते मराठीत सांगितलं, माझ्यासाठी. एक हात वर गेला, मग दुसरा, मग बघता बघता सगळे. ओटिएनोचा सर्वांत शेवटी, पण त्याचा हात एवढा लांब की आंब्याच्या फांदीला लागला. व्याही मान वळवून एकेकाकडे बघत होते. चेहरा तसाच, वर्गात हजेरी घेताना असतो तसा.

"सरांनीच प्रमुख राहावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." पुन्हा सगळे हात वर! आणि त्यांच्यात माझाही. मी केला नाही, तो गेला.

मुंबईचा माणूस गोंधळला. "हे कसं? दोन्हीकडे?" सृजनाला मराठी येत नाही, पण हिंदी येते. रडत रडत म्हणाली, "सर, दोनों सच हैं. गाँव में सीखा."

व्याह्यांचा हात वर गेला. सृजना परवानगी देईपर्यंत तसाच वर राहिला. मग ते उभे राहिले. "हरकतीचा मुद्दा! सभासदांपेक्षा मतं जास्त झाली. हे मतदान बाद धरावं. त्यात एक हात निमंत्रिताचा आहे. निमंत्रितांनी हात खाली घ्यावा."

मी म्हटलं, "नाय घेत. दुखंल तवा घेईन."

"व्याही, सभेचे नियम आहेत."

"असू द्या. मी हेकट हाय. चिठ्ठीत लिवलंय तसं."

पोरं हसली. सून डोळे पुसता पुसता हसली. मुंबईच्या माणसानं संधी साधून खिशातून कागद काढला आणि म्हणाला, "मग आता चिठ्ठ्या टाकून फेरमतदान घेऊ या, सर." व्याही खाली बसले. चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला.

"गरज नाही," ते म्हणाले. "मी हात मोजतच नव्हतो. कोपरं बघत होतो. पहिल्या वेळेला सगळी ताठ होती."

मलाच राहवेना. म्हटलं, "आन् दुसऱ्या वेळेला?"

"दुसऱ्या वेळेला वाकलेली. एकच ताठ होतं," व्याही म्हणाले, "आणि त्याला मताचा अधिकार नाही."

तेव्हा मी हात खाली घेतला. दुखायला लागला होता म्हणून.

नवा प्रमुख कोण, हा प्रश्न लगेच आला. पोरांनी शुभांगीचं नाव घेतलं. इतकी वर्षं ती सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना कळवत होती, तिच्याहून शिबिर कुणाला ठाऊक? सृजनानं विचारलं, सगळी कोपरं आभाळाला लागली. "विरोधात कुणी?" कुणी नाही. सृजना निकाल सांगणार एवढ्यात व्याह्यांचा हात वर. "थांबा. बिनविरोध? माझ्या शिबिरात आजवर काही बिनविरोध झालेलं नाही, आजही होणार नाही. एक मत विरोधात लिहा. माझं." सून म्हणाली, "बाबा!" ते म्हणाले, "बाबा घरी. उद्या तुझा भात करपला तर ओरडणारा एक तरी पाहिजे." पण कोपर मी बघितलं. गुडघ्याला टेकलेलं होतं.

मग सृजनानं घंटा पुढे केली. ही आता सरांकडे जाणार की नव्या मॅडमकडे? व्याही म्हणाले, "घंटा शिबिराची नाही, माझीही नाही. ती निमंत्रितांची आहे. ह्या प्रश्नावर त्यांना मत आहे." इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडलो ते मत मिळालं, आणि ते असल्या वेळी मिळालं. मी उठलो, घंटा घेतली, सरजाच्या कपाळावर ठेवायचो तसा तिच्यावर एकदा हात ठेवला आणि सुनेच्या हातात दिली. म्हटलं, "जोरात वाजव गं. तुझा बाप ऐकायला कमी येतंय असं सांगतो, पन त्याला समदं ऐकू येतं."

आता शिबिर सून चालवते. चांगलं चालवते. व्याही आठवड्यातून दोनदा दुपारी दहिवलीहून टेंपोनं माझ्याकडे येतात आणि ओटीवर बसतात. सभा आता आमची दोघांचीच. घंटा नाही, म्हणून चमचा बशीवर वाजवतात. चहात आलं घालायचं की गवती चहा, ह्यावर मतदान होतं. एक विरुद्ध एक पडतं. मग अध्यक्षाचं जादा मत त्यांचं, कारण चमचा त्यांच्या हातात. मधेच दहिवलीच्या दिशेला कान लावतात. एवढ्या लांबून घंटा कुठली ऐकू येणार? पण मी विचारत नाही. तेवढ्यापुरता मीही कान लावतो, कारण कधी कधी मलाही सरजा आल्यासारखा वाटतो.

परवा उन्हं उतरली तसा सुनेचा फोन आला. बाबांची गोळीची वेळ झाली, त्यांना पुढच्या टेंपोत बसवून द्या. व्याह्यांनी चमचा वाजवला. "प्रश्न सभेपुढे आहे. घरी निघावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा." त्यांचाच हात वर गेला. "आणखी अर्धा कप घेऊन बसावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी." पुन्हा त्यांचाच हात वर.

मी म्हटलं, "व्याही, दोन्हीकडं? मतदान बाद व्हईल."

"शेजारधर्म," ते म्हणाले, आणि रस्त्याकडे बघत राहिले. हात अजून वरच होता. लांबून येणारा टेंपो तो हात बघून थांबायच्या बेतात आला, मग ड्रायव्हरनं माणूस ओळखला आणि पुढे निघून गेला.

मी कोपर बघितलं. ताठ होतं. आत हाक मारून सांगितलं, चहा टाक.